साक्षीपुरता कोपरा

विकणारा वर बसला पाहिजे आणि घेणारा खाली, असा मास्तरांचा नियम होता. दुकानात एकच स्टूल होतं, उंच, तीन पायांचं. चौथ्या पायाचं काम एक वीट करायची. कुणी जुना माल विकायला आणला की मास्तर त्याला त्या स्टुलावर बसवत आणि स्वतः खाली पोत्यावर मांडी घालत. एकदा एक हमाल बिचारा लाजून जमिनीवर टेकायला लागला, तर मास्तर त्याच्यावर खेकसले, "वर बस! माल तुझा हाय. किंमत ठरस्तोवर तू मालक."

हमाल तीनपायी स्टुलावर जीव मुठीत धरून बसला. मला जिन्यावरून हे सगळं दिसत होतं आणि हसू आवरत नव्हतं. मी तेव्हा मास्तरांच्या माडीवर भाड्यानं राहायचे. गंगापूरकडच्या खेड्यातून शहागंजातल्या त्या बोळात आले होते, मुलींच्या शाळेत शिवण शिकवायला. निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन होऊन वीसेक वर्षं झाली होती. गावात लोक अजून 'ॲक्शनच्या आधी' आणि 'ॲक्शननंतर' असंच बोलायचे.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. निजामाच्या रिसाल्यात छावणीला खोगिरं शिवायचा कारखाना होता, तिथं ते हाताखालच्या दहा-बारा जणांचे मास्तर होते. ॲक्शननंतर रिसाला मोडला, घोडे गेले, खोगिरं गेली, मास्तर हे नाव तेवढं मागं उरलं. मग त्यांनी हे दुकान काढलं. गावात शिलाई मशीन विकणारे पुष्कळ होते, पण मास्तर मशीनला हात लावत नसत. ते घ्यायचे मशीनच्या भोवतीचं जुनं चामडं. पायमशीनचे गोल पट्टे, सुया-दाभणांची पाकिटं, सुट्या भागांच्या चामडी पेट्या. त्या पेट्यांमध्ये चामडं शिवायच्या मशीनचे, सुईखाली चामडं दाबून धरणारे चाकाचे पाय, शटल, बॉबिनी असत. हा माल ते साफ करायचे आणि मोच्यांना, लगामवाल्यांना, पुढं पुढं मुंबईहून येणाऱ्या हौशी लोकांना विकायचे.

माझी त्यांची पहिली ओळख चांगलीच चमत्कारिक झाली. शाळेतल्या मशीनचा पट्टा तुटला म्हणून मी दुसरा मागितला. त्यांनी भिंतीवरच्या खुंटीवरून एक काढला, माझ्यासमोर त्याला जीभ लावली आणि म्हणाले, "हा नगं. हा कुनीतरी साबणानं धुतलाय. चार म्हैन्यात तडकंल." दुसरा काढला. त्यालाही जीभ. "हा घ्या." मी तो पट्टा शाळेत नेऊन आधी डेटॉलनं पुसला. आठ महिन्यांत तो तुटला. मास्तरांनी तुकडा नाकाशी धरला आणि इतकंच विचारलं, "बाई, तुमाला समदं धुवायलाच पायजे का हो?"

व्हय, पाहिजे. स्वच्छतेचा मला सोसच होता, आणि आहे. मुलींच्या हातरुमालांना मी टाक्यांचे वेगळे आणि स्वच्छतेचे वेगळे गुण द्यायचे. खेड्यात आमच्या घरी गोठ्याला लागूनच चूल होती. तिथून आलेल्या माणसाला स्वच्छ म्हणवून घ्यायची जी हौस असते ती माझ्यात पुरेपूर होती. मास्तरांच्या दुकानात पाऊल टाकलं की माझे हात शिवशिवायचे.

संध्याकाळी शाळेतून आल्यावर मी त्यांना साफसफाईत मदत करू लागले ती अशीच, स्वतःहून. त्यांनी शिकवलं मात्र मन लावून. आधी कोरडा ब्रश, तोही एकाच दिशेनं. मग रिठ्याच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं फडकं. मग सावलीत वाळवण, उन्हात कधीच नाही. लोखंडाला घासलेट, पितळेला चिंच. आणि सगळ्यात शेवटी, गरज असली तरच, बोटाच्या टोकावर एरंडेल. एरंडेलाची बाटली ते स्वतःजवळ ठेवायचे. "ब्रश चुकला तर चालंल, फडकं चुकलं तर निभंल. तेल मागं येत नाय, बाई. एकदा चामड्यानं पेलं की ते काळं पडतं, मग बाप आला तरी उजळत नाय."

पण साफसफाईच्या आधी किंमत, हा त्यांचा दुसरा नियम. धुळीत आहे तशीच वस्तू विकणाऱ्यासमोर ठेवायची, ती एक रात्र दुकानात मुक्कामाला ठेवून घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी किंमत सांगायची. ती सांगतानाही आधी वस्तूचे सगळे गुण मोठ्यानं बोलायचे, मग ऐब. घेणारा कधी मालाचे गुण गातो का? बोळातले दुकानदार त्यांना अर्धवट म्हणायचे. "मास्तर धंदा करतो का दान?" मास्तर पट्टा वाकवून कानाशी धरत, आत तडकल्याचा आवाज येतो का ते ऐकत राहत.

तिसरा नियम मला मुळीच पटायचा नाही. कुठलीही वस्तू ते पुरी साफ करत नसत. अंगठ्याएवढा एक कोपरा जसा आला तसा मळका ठेवायचे. त्याला ते साक्ष म्हणायचे. घेणाऱ्याला कळलं पाहिजे की वस्तू मुळात कशी होती, आपण किती पुसलं. बाकीचं पाकीट लख्ख आणि एका कोपऱ्यात वीस वर्षांचा मळ. माझ्या डोळ्यांना ते खुपायचं, आंघोळ घातलेल्या पोराचा कान तेवढा विसरावा तसं.

"मास्तर, एवढं पुसलं तर काय बिघडंल?"

"साक्ष बिघडंल."

"कोण येणार आहे साक्ष मागायला?"

यावर त्यांनी माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं, आणि मला उगाच ओशाळल्यासारखं झालं.

दुकानाच्या मागच्या फडताळात एक पेटी होती. हातभर लांब, वीतभर रुंद, न रंगवलेल्या चामड्याची, मधाच्या रंगाची. आत चाकाचे दोन पाय, चार शटल आणि तेलाची छोटी पितळी कुपी. इतकी घाटदार वस्तू आणि तिच्यावर धूळ, बुरशीचे पांढरे ठिपके, बक्कल तुटलेलं. मुंबईच्या एका हौशी माणसानं ती बघितली आणि मागेल ती किंमत द्यायला तयार झाला. मास्तर म्हणाले, "विकायची नाय. एका बाईची हाय ती. येईल न्यायला."

"कधी येणार?" मी नंतर विचारलं.

"बावीस वर्सं झाली," मास्तर म्हणाले, आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. पट्ट्याला मेण लावता लावता सांगितलं. एकदाही वर बघितलं नाही.

त्यांच्या कारखान्यातला एक कारागीर ॲक्शनच्या गडबडीत हैदराबादला गेला तो गेलाच. मेला की पाकिस्तानात गेला, कुणाला पत्ता नाही. त्याची बायको मागं राहिली, सात वर्षांची मुलगी आणि अंगावरचा मुलगा घेऊन. मुलगा आजारी. तिनं मशीन आधीच विकलं होतं. जालन्याला भावाकडं जायचं म्हणून ही पेटी घेऊन ती मास्तरांकडं आली. तिच्या नवऱ्यानं स्वतः शिवलेली पेटी.

"मी खुर्चीवर बसलेलो. ती उंबऱ्यात उभी. बस बी म्हनलो नाय मी तिला. तवा समदे येचून घेत व्हते, बाई. जानाऱ्यांचा माल पानी भावानं मिळत व्हता. माजं बी पोट व्हतं, पन खरं सांगू का, पोटाचा सवाल नव्हता. हाव सुटली व्हती. मी पेटी हातात घेतली, वाकवली अन् म्हनलो, चामडं मेलंय. आता याचं काय व्हनार नाय. ती म्हनली, भाईजान, जरा नीट बघा, या पोराच्या अब्बांनी केलीय. मी म्हनलो, मेलंय. तिला चामड्यातलं कळत व्हतं, पन तिनं माझ्यावर इस्वास ठेवला. मी मास्तर ना. दिलं त्यात ती जालन्याला पोचली, बस. पोरगं म्हैन्याभरात गेलं. औशिद नव्हतं मिळालं. मला हे टांगेवाल्यानं सांगितलं."

मास्तर पेटी घेऊन दोनदा जालन्याला जाऊन आले होते. पत्ता लागला नाही. तेव्हापासून दुकानातली खुर्ची गेली आणि स्टूल आलं. तेव्हापासून गुण आधी आणि ऐब मागून. त्यांचा एकेक विक्षिप्तपणा मला त्या संध्याकाळी उलगडत गेला आणि मला त्यांची कीव आली. रागही आला. त्या बाईचाच विचार मनात येत राहिला, उंबऱ्यात उभी असलेली.

"मग ही तरी साफ करा ना," मी म्हटलं. "बुरशी चढलीय."

"तिच्या समोर करीन." मग झाकणाच्या आतल्या कोपऱ्यावर बोट न टेकवता बोट दाखवून म्हणाले, "ही साक्ष माझी नाय, बाई. ही तिच्या बाजूची हाय." मी मान डोलावली. मला वाटलं, मास्तर नेहमीसारखं काहीतरी बोलले.

त्यानंतर वर्षभरात, एका बुधवारी सकाळी, एक बाई दुकानात आली. तिशीच्या आतबाहेरची, काळ्या बुरख्याचा पडदा मागं टाकलेला, हातात कापडी पिशवी. नातेवाइकांच्या लग्नाला जालन्याहून आली होती. पिशवीतून तिनं सुया-दाभणांचं एक चामडी पाकीट काढलं. आई वारली, हे तिच्या गाठोड्यात निघालं, विकायचं आहे, म्हणाली. मास्तरांनी तिला स्टुलावर बसवलं, खाली बसून पाकीट हातात घेतलं आणि त्याची शिवण बघितली. शेवटचे तीन टाके उलटे फिरवून आत दडवलेले होते. फडताळातल्या पेटीला अगदी तसेच होते, मी पाहिलेले.

मास्तरांनी पाकीट उलटं करून ते टाके पुन्हा मोजले. पण त्यांचे नियम म्हणजे नियम. "उद्या या," ते म्हणाले, "एक रात मुक्काम लागतो. उद्या नक्की या, बाई. वाट बघतो मी." ती गेल्यावर त्यांनी दुकान बंद केलं आणि जेवलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. पेटीचं बक्कल तुटकं कसं द्यायचं, म्हणून छावणीच्या बाजारातून पितळी बक्कल शोधून आणायला ते सकाळीच निघाले. जाताना मला म्हणाले, "आली तर बसवा. स्टुलावर बसवा."

माझी शाळा दुपारची. मी खाली दुकानात बसले होते आणि समोर फडताळात ती पेटी होती. बावीस वर्षांनी जिची वस्तू तिला द्यायची, ती अशी द्यायची का? बुरशीसकट? कुणाच्या घरी भांडं परत करतानासुद्धा आपण घासून, वर चिमूटभर साखर घालून देतो. मी पेटी उतरवली. ब्रश केला, एकाच दिशेनं. रिठ्याचं फडकं फिरवलं. वाळवली सावलीत. सगळं मास्तरांनी शिकवल्याप्रमाणं, अगदी पद्धतशीर. पेटी अशी काही खुलली की मला भरूनच आलं. मास्तर बघतील तेव्हा काय म्हणतील या कल्पनेनं मी मनात लाजलेसुद्धा.

मग झाकणाच्या आतला तो कोपरा राहिला. पुसून पुसून तिथला तांबूस डाग काही जाईना. गंज असेल, मला वाटलं. साक्ष ठेवायची असते हे मला ठाऊक होतं. पण साक्ष असते घेणाऱ्यासाठी, विकायच्या वस्तूला. ही कुठं विकायची होती? परत द्यायच्या वस्तूला साक्ष कशाला? हा विचार मी केला, आणि मला तो फार शहाणपणाचा वाटला. मी एरंडेलाची बाटली काढली. एका जागी तेल लावलं तर ठिगळासारखं दिसलं असतं, म्हणून सगळ्या झाकणाला लावलं. चामडं ते तहानेलं होतं, बघता बघता प्यालं. मधाचा रंग काळसर तपकिरी झाला, सगळीकडं एकसारखा. डाग त्यात बुडून गेला. मी पेटी स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवली.

ती बाई आली, मी तिला स्टुलावर बसवलं. पाठोपाठ मास्तर आले, मुठीत बक्कल. पोत्यावर बसले आणि आधी पाकिटाचे गुण सांगायला लागले. शिवण कशी आहे, चामडं कुठल्या अंगाचं आहे, कारागिराचा हात कसा होता. ती नुसती ऐकत होती. मग त्यांनी गुंडाळलेली पेटी मांडीवर घेतली.

"ही तुमची हाय," ते म्हणाले. "तुमच्या अम्मीची. मी तिला फसवून घेतली. चामडं मेलंय म्हनलो व्हतो. मेलं नव्हतं." आणि फडकं सोडताना त्यांचा हात थांबला. एरंडेलाचा वास आला असणार. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

तिनं पेटी घेतली. तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला होता. तिनं बाकी काही बघितलं नाही, सरळ झाकण उघडलं आणि त्या कोपऱ्यात बोट नेलं. मग पेटी उजेडाकडं तिरपी केली. पुन्हा केली.

"इथं माझा पंजा होता," ती म्हणाली.

तिनं आपली बोटं त्या कोपऱ्यावर टेकवून बघितली.

"ईदच्या आधी मेंदी लावली होती मला. ओला हात ठिवला मी इथं. अम्मीनं लई मारलं. अब्बा म्हणले, राहू द्या, पुसू नका, मुन्नीचा शिक्का आहे. चार बोटं होती इथं." तिनं पेटी मिटली. "ही आमची नाय."

"पंजा व्हता," मास्तर म्हणाले. "काल रातीपोत्तर व्हता. बावीस वर्सं जपला म्या."

ती हसली. ते हसणं मी विसरलेले नाही. "अम्मी सांगायची, मास्तर लई गोड बोलतात. तिला बी असंच हातात घेऊन सांगितलं होतं ना तुम्ही? ती मरस्तोवर म्हणायची, तुझ्या भाईचं औषध आलं असतं त्या पेटीच्या पैशात, अन् मी मेलेलं चामडं म्हणून देऊन आले. टाके तर कारखान्यातले सगळेच असे घालत असतील. आता कुणाची तरी पेटी माझ्या हातात देऊन तुमचं ओझं उतरवता का?"

"बाई, तेल मी लावलं," मी पुढं होऊन म्हटलं. "आज सकाळीच. तिथं तांबूस डाग होता, मी बघितला होता. मास्तरांना माहीतसुद्धा नाही. देवाशपथ सांगते."

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही यांच्याच घरात राहता ना?"

"हो."

"मग?" ती म्हणाली, आणि पेटी मास्तरांच्या पुढं पोत्यावर ठेवली. सुयांचं पाकीट उचलून पिशवीत घातलं. तेही विकलं नाही. उठताना स्टूल डगमगलं तेव्हा मास्तरांनी खालून ते दोन्ही हातांनी धरलं, ती पडू नये म्हणून. लग्नघर कुठलं, जालन्यात कुठं राहते, काही सांगितलं नाही. मी बोळाच्या तोंडापर्यंत तिच्यामागं धावत गेले. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

परत आले तर मास्तर तिथंच बसले होते. मला वाटलं, आता मला हाकलून देतील. द्यायला हवं होतं. मी रडत रडत काहीतरी बोलत होते, माफी मागत होते. ते म्हणाले, "रडू नका, बाई. तुमी खोटं कुटं बोलला? खोटं मी बोललो व्हतो." मग मूठ उघडून ते नवीन बक्कल बघत राहिले.

चार बोटं मला दिसली नाहीत, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. खरं सांगायचं तर मी बघितलंच नाही. मळ बघायला कोण थांबतं? मला तो काढायचा होता.

मास्तर त्यानंतर सहा वर्षं जगले. दुकान चालू होतं, स्टूल होतं, गुण आधी आणि ऐब मागून हेही होतं. फक्त पट्ट्याला जीभ लावणं त्यांनी सोडलं. विचारलं तर म्हणाले, "चव लागत नाय आता." मीही साफसफाईला बसायचे, पण एरंडेलाची बाटली त्यांनी पुढं केली तरी हातात घेतली नाही. एक दिवस त्यांनी पेटी माझ्या माडीवर आणून ठेवली. "तुमच्याकडं असू द्या. ती आली तर तुमीच सांगा. तुमचं खरं वाटंल कदाचित, म्या गेल्यावर." नवीन बक्कल त्यांनी लावलं नव्हतं.

ती आली नाही. जालन्याला मीही जाऊन आले, निवृत्त झाल्यावर, दोनदा नव्हे, पाच-सहा वेळा. मुन्नी नावाच्या एवढ्याशा धाग्यावर कोण सापडणार? घरी आल्यावर मी पेटी खिडकीत नेते, झाकण उघडून उजेडात तिरपं करते. कधी वाटतं एक बोट दिसतंय. ते माझ्या फडक्याचे गोल वळसे असतात.

परवा गारखेड्याच्या माझ्या घरी एक जुन्या वस्तूंचा व्यापारी आला होता. शेजाऱ्यांनी पाठवला. तरुण, हुशार, बोलायला गोड. पेटी बघून तो खुर्चीत पुढं सरकला. त्यानं ती उघडली, झाकणावरून तळवा फिरवला.

"किती जपलीत हो, आजी," तो म्हणाला. "एवढी जुनी वस्तू आणि कुठं एक डाग नाही. कितीला द्याल?"

"चामडं मेलंय," मी म्हटलं.

त्यानं अंगठ्यानं दाबून बघितलं. "छे हो, चांगलं मऊ आहे."

मी त्याच्या हातातून पेटी घेतली आणि झाकण मिटलं.